हॉटेल काढायचे, पण कागद कोण वाचणार?

भाषेचा प्रश्न म्हटले की आपल्यासमोर 1 नोव्हेंबरचा काळा दिन, मोर्चे, 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेला दावा आणि 865 गावांचा नकाशा उभा राहतो. ते सारे आहेच. पण सीमाभागातील सामान्य मराठी माणसाला हा प्रश्न रोज भेटतो तो पंचायतीच्या टेबलावर, एका कागदाच्या रूपाने. आणि सध्या तो सर्वात अधिक भेटतो आहे तो लहानसे हॉटेल काढू पाहणाऱ्या तरुणांना.

बेळगाव-वेंगुर्ला रस्त्याने बाचीपर्यंत जा, की खानापूरच्या बाजूला जा. घराचा पुढचा सोपा फोडून, पत्रे घालून थाटलेली हॉटेले जागोजागी दिसतात. सकाळी उप्पीट-शिरा, दुपारी मिसळ, संध्याकाळी भजी नाही तर गोबी मंच्युरी. शेतीचे तुकडे पडले, कन्नडच्या अटीमुळे सरकारी नोकरीची वाट अरुंद झाली, तेव्हा मुलांनी हा मार्ग धरला. त्यांचे कौतुकच केले पाहिजे. परंतु यातील बहुतेक जण आधी गवंडी बोलावतात आणि मग कागदाकडे वळतात. येथेच सारे घोटाळे सुरू होतात.

पहिला कागद जागेचा. गावठाणातील मिळकतीला ई-स्वत्तूचा नमुना 9 आणि नमुना 11 लागतो. तो काढायला गेले की कळते, घर अजून आजोबांच्या नावावर आहे, वारसा नोंद झालेली नाही आणि चुलत्यांची संमती हवी. जागा शेतातली असेल तर 1964 च्या कर्नाटक जमीन महसूल कायद्याखाली बिगरशेती करून घ्यावी लागते. त्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये. त्यात नावाची अडचण निराळीच. शाळेच्या दाखल्यावर मराठीत ‘परशराम’, उताऱ्यावर कन्नडमध्ये ‘परशुराम’, आधार कार्डावर इंग्रजीत तिसरेच काही. माणूस एकच, पण कागदावर तिघे जण! मग दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करा, नोटरीकडे जा, एक दिवस मोडा. माझ्याकडे जुने दाखले शोधायला येणाऱ्यांत आता नोकरीवाल्यांपेक्षा हॉटेलवालेच जास्त असतात.

आमच्या भागातील एका गावात एका मुलाने कर्ज काढून सोप्याची भिंत पाडली, फरशी बसविली, मोरी फिरविली. दुरुस्तीची परवानगी नाही म्हणून पंचायतीची नोटीस आली. ती कन्नडमध्ये. घरच्यांना वाटले, घरपट्टीचा कागद असेल. तो देव्हाऱ्यामागे खोचून ठेवला. उत्तर देण्याची मुदत तेथेच संपली. नोटीस चुकीची होती असे मी म्हणणार नाही. परवानगी हवीच होती. प्रश्न एवढाच की, ज्याला नोटीस बजावली त्याला ती वाचता येत नव्हती, आणि हे बजावणाऱ्यालाही ठाऊक होते.

राज्य पुनर्रचनेच्या वेळचे 1956 चे केंद्राचे निवेदन आणि 1961 ची मुख्यमंत्र्यांची परिषद यांतून भाषिक अल्पसंख्याकांसाठी काही संरक्षणे ठरली. ज्या भागात अल्पसंख्य भाषिकांचे प्रमाण 15 टक्के वा अधिक आहे, तेथे महत्त्वाचे नियम व सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात, हे त्यांपैकीच एक. आपल्या कितीतरी गावांत हे प्रमाण 15 च्या कितीतरी पुढे आहे. मात्र हे कबूल केलेले धोरण आहे, शिक्षा असलेला कायदा नव्हे. म्हणूनच ते मागून घ्यावे लागते.

येथे आपल्या कार्यकर्त्यांनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. ‘घटनेच्या 350 व्या कलमाने कोणताही अर्ज मराठीतून देता येतो,’ असे सभेत ठोकून दिले जाते. ते कलम गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी करावयाच्या निवेदनाबद्दल आहे. परवाना अडला, लाच मागितली, नोटीस समजली नाही, तर तक्रार मराठीत द्या. तो तुमचा हक्क आहे. पण परवान्याचा छापील नमुना मराठीत भरून तो नाकारला गेला, तर त्या कलमाचा आधार मिळेलच असे नाही. टाळ्यांसाठी बोललेल्या वाक्यावर एखाद्याने दुकान उघडण्याचा मुहूर्त ठरवू नये. अर्ज कन्नडमध्ये द्यावा लागला तर द्या, पण सहीपूर्वी वाचून घ्या आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. कर्नाटकाच्या 2011 च्या ‘सकाल’ कायद्याखाली येणाऱ्या सेवांच्या अर्जाला 15 अंकी क्रमांक मिळतो आणि मुदतीत काम न झाल्यास दिवसाला 20 रुपये, जास्तीत जास्त 500 रुपये भरपाई आहे. रक्कम किरकोळ आहे. पण क्रमांक हातात असला की ‘तुमचा अर्जच आला नाही’ हे उत्तर बंद होते.

अन्न नोंदणीचेही तसेच. 2011 च्या नियमावलीत 12 लाखांपर्यंत वार्षिक उलाढाल असणाऱ्या लहान धंद्याला परवान्याऐवजी साधी नोंदणी आणि वर्षाला 100 रुपये शुल्क ठरविले गेले. एवढ्या कामाला एजंट हजार-दोन हजार मोजून घेतात. कारण काय? अर्ज संगणकावर इंग्रजीत असतो आणि आपण घाबरतो. पदार्थ हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करावी लागते, हे मात्र तो एजंट सहसा सांगत नाही. घरगुती सिलिंडर भट्टीला लावणे गुन्हा आहे, 19 किलोचा व्यापारी सिलिंडरच हवा, हेही नाही.

नामफलकावरून अधिक धुरळा उडतो. कर्नाटकाच्या 2022 च्या कन्नड विकास कायद्यात 2024 साली दुरुस्ती झाली आणि नामफलकाचा वरचा 60 टक्के भाग कन्नडला ठरला. त्यात हॉटेलेही आली. ही सक्ती आपल्याला रुचणारी नाही. तथापि महाराष्ट्रातही दुकानांना मराठी पाटी सक्तीची आहे आणि सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. कोल्हापुरात जे आपल्याला गोड वाटते ते बेळगावात कडू म्हणताना थोडे सावध राहावे. मला खटकते ते वेगळेच. तीन फूट उंच फलक म्हणजे 36 इंच. वरचे साडेएकवीस इंच कन्नडला गेले तरी खाली चौदा इंच उरतात. त्या चौदा इंचांत कायद्याने मराठीला बंदी नाही. तरीही नवी हॉटेले तेथे इंग्रजी लिहितात, नाही तर भीतीने जागा कोरी सोडतात. आत भिंतीवरचे दरपत्रक तर या अटीत येतच नाही. तेथे ‘कांदाभजी’ मराठीत लिहायला कोणी अडविले आहे?

न कळलेल्या हुकमाची किंमत किती असते, याची दोन अलीकडची उदाहरणे पुरेत. मार्च 2024 मध्ये राज्याने गोबी मंच्युरीत कृत्रिम रंग घालण्यास बंदी केली, जूनमध्ये कबाबातील रंगावरही. पोटाच्या दृष्टीने निर्णय योग्यच. तो लाल रंग मुलांच्या पोटात जाऊ नये असे शिक्षक म्हणून मलाही वाटते. पण आमच्या गावातील गाडीवाल्याला ही गोष्ट वर्तमानपत्रातून कळली, पंचायतीच्या फळ्यावरून नव्हे. दुसरे जुलै 2025 मधले. यूपीआयवर जमा झालेल्या रकमा पाहून राज्याच्या वाणिज्य कर खात्याने लहान दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या आणि राज्यभर गोंधळ उडाला. हॉटेल ही सेवा धरली जाते आणि सेवेला नोंदणीची मर्यादा 20 लाखांची आहे. रोज साडेपाच हजारांचा गल्ला झाला की वर्षाला ती ओलांडते. चालत्या रस्त्यावर हा आकडा काही फार मोठा नाही, म्हणून वही रोजच्या रोज लिहावी.

आणखी एक, जाता जाता. हॉटेलात चौदा वर्षांखालील मुलाला कामाला ठेवण्यास 10 ऑक्टोबर 2006 पासून बंदी आहे. घरच्या मुलाने शाळा सुटल्यावर हात लावणे वेगळे. सकाळच्या गर्दीला तो कपबशा विसळतो आणि पहिला तास बुडवितो, हे आम्हाला हजेरीपटावर दिसते.

येत्या ग्रामसभेत मराठीबहुल गावांनी एकच ठराव मांडावा: व्यापार परवाना, बांधकाम परवानगी आणि नोटीस या तिन्हींचा मराठी तर्जुमा पंचायतीच्या फळ्यावर लावावा आणि बजावलेल्या प्रत्येक नोटिशीसोबत तो द्यावा. ठराव नोंदवून घेण्यास टाळाटाळ झाली, तर त्याची लेखी तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करावी. ती खुशाल मराठीतून लिहावी. तर्जुम्याचे काम दोन्ही भाषा येणारे शिक्षक विनामूल्य करून देतील. समितीच्या बैठकीत तशी नावे आली आहेत.