इंजेक्शन सुटल्यानंतरचे पंधरा दिवस

मुकुटबनच्या रस्त्यावर पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी मुले पळताना दिसतात. सोळाशे मीटरच्या धावेला २० गुण असतात आणि एखाद्या गुणाने वर्ष वाया जाते. त्यांच्यातलाच एक जण छातीत धडधडते म्हणून माझ्याकडे आला. कोपराच्या आतल्या बाजूला सुयांच्या खुणा होत्या.

औषधाचे नाव मेफेन्टरमीन. मणक्यात भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब उतरला तर तो सावरण्यासाठी डॉक्टर ते वापरतात. अ‍ॅम्फेटामाइनच्या कुळातले असल्याने थकवा जाणवत नाही, दम वाढल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात हृदयावरचा ताण वाढतच असतो. चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही, तरी व्यायामशाळेतल्या मुलांना चोरून विकणाऱ्यांना पुण्यात पोलिसांनी अलीकडच्या वर्षांत पकडले आहे. आपल्याकडे ते येते कुठून, हे मुलगा सांगेना. मीही फार खोदले नाही.

आठवड्याने वडील आले. "डाक्टरसाहेब, इंजेक्शन तं सुटलं, पण पोट्टं नुसतं झोपूनच राहते. काम सांगितलं का अंगावर येते."

वाचकहो, नेमके इथेच घरचे लोक चुकतात असे माझे मत आहे. दारू सोडणाऱ्याचे हात थरथरतात, ते डोळ्यांना दिसते. उत्तेजक औषध सोडणाऱ्याला मात्र खूप झोप, खूप भूक आणि उदासी येते. कधी जगणे नकोसे वाटते. त्याला आपण 'आळशी' म्हणतो! या दिवसांत त्याला एकटे सोडू नये आणि टोमणेही मारू नयेत. ही ओढ घालवणारी खात्रीची गोळी नाही. झोप, जेवण आणि समुपदेशन हाच मुख्य उपचार. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणमध्येही घरच्यांना उपचारात सामील करून घेतात. आपल्याला यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडते. व्यसनाबाबत १४४४६ आणि मन खचले असेल तर १४४१६ या क्रमांकांवर फुकट बोलता येते.

"या भरतीत पळन का?" वडिलांनी जाता जाता विचारले.

"ही भरती सोडा," मी म्हणालो. आधी हृदयाचा आलेख काढू, मग पुढचे पाहू. त्यांना ते पटलेले दिसले नाही. पण सकाळी वावरात नेण्यासाठी त्याला उठवणार नाही, एवढे कबूल करून गेले.