चौघांत आणि एकट्यानें

संमेलनाच्या तालमी सुरू झाल्या कीं एक प्रश्न दरवर्षीं निघतो. गोड गळ्याच्या मुलास वाटतें, आपण चौघांत कां गावें? इतर म्हणतात, आम्हांस टाकून हा एकटा पुढें कां जातो? आमच्या मतें दोघांचीहि थोडी चूक होते.

श्रीमती हिराबाई बडोदेकर (१९०५–१९८९) यांचें उदाहरण पाहा. मिरजेस जन्मलेल्या ह्या विदुषी खांसाहेब अब्दुल करीमखां यांच्या कन्या. स्त्रियांच्या भूमिका बहुधा पुरुषच करीत, अशा काळीं त्यांनीं भावंडांसह नाटक मंडळी चालविली व स्वतः रंगभूमीवर उभ्या राहिल्या. पुढें बोलपटांच्या लाटेंत नाटक मंडळ्या खचूं लागल्या. हिराबाईंची मंडळीहि कर्जबाजारी होऊन बंद पडली. पडदे गेले, नटसंच पांगला. उरला तंबोरा आणि गळा. त्या बळावर मैफली करून त्यांनीं मंडळीचें कर्ज फेडलें. मंडळी मोडली, तरी तिचें देणें त्यांनीं आपलें मानलें, ही गोष्ट आम्हांस त्यांच्या गाण्याइतकीच थोर वाटते.

दूर जर्मनींतहि असेंच एक उदाहरण आहे. ड्युसेलडॉर्फची रॉक गायिका डोरो पेश हिनें १९८२ सालीं स्थापन झालेला ‘वॉरलॉक’ हा वाद्यवृंद आपल्या आवाजानें गाजविला. पुढें त्या नांवाच्या हक्काचा तंटा होऊन तें नांव तिच्या हातून गेलें. तेव्हां १९८९ सालीं ‘फोर्स मॅज्युअर’ हा गीतसंग्रह तिनें ‘डोरो’ ह्या आपल्याच नांवानें काढला. नांव गेलें, वृंदाबरोबर चार संग्रह गाऊन कमावलेला आवाज मात्र तिच्यापाशींच राहिला.

कोणी विचारील, शेवटीं एकट्यानेंच गावयाचें, तर समूहांत वर्षें कां घालवावीं? त्यानें सोयगावांतील एखाद्या भजनी मंडळांत घटकाभर बसावें. दुसऱ्याचा सूर ऐकणें, ठेका न सोडणें, आणि कोणी चुकल्यास त्यास सांभाळून घेणें हें शिक्षण टाळकऱ्यांच्या रांगेंतच मिळतें.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे कीं, पाल्यास एकट्यास उभें करण्याची घाई करूं नये, आणि त्याची वेळ आली असतां त्यास अडवूंहि नये. विद्यार्थिमित्रांनो, जो पुढें जाईल त्यानें मागें राहिलेल्यांचें ऋण विसरूं नये. आणि जे मागें राहतील त्यांनीं पहिली टाळी द्यावी. त्या आवाजांत त्यांचाहि सूर मिसळलेला असतो.