न खेळलेल्या सामन्याचा निकाल

झाशी म्हटले की मराठी माणसाला आधी राणी लक्ष्मीबाई आठवते. पण त्या गावाची आणखी एक ओळख आहे. शहरातल्या एका टेकडीवर मेजर ध्यानचंद यांचा भव्य पुतळा उभा आहे. १९२८, १९३२ आणि १९३६ अशा तीन ऑलिंपिक स्पर्धांत हॉकीचे सुवर्णपदक मिळवणारे ध्यानचंद याच गावात लहानाचे मोठे झाले. त्यांतल्या शेवटच्या दोन स्पर्धांत त्यांचे धाकटे बंधू रूपसिंगही संघात होते. १९३२ साली लॉस एंजेलिसला भारताने अमेरिकेवर २४ गोल चढवले, त्यांतले १८ या दोन भावांचे होते. पुढे मार्च १९७५ मध्ये भारताने पाकिस्तानला हरवून हॉकीचा विश्वचषक जिंकला, तेव्हा विजयी गोल करणारा अशोककुमार हा ध्यानचंद यांचाच मुलगा. झाशीकरांना या गोष्टी तोंडपाठ असतात.

जिंकणाऱ्यांचे पुतळे उभे राहतात, ते योग्यच आहे. पण या विश्वचषकाच्या जेमतेम सहा महिने आधी भारताचा आणखी एक संघ जगज्जेतेपदाच्या उंबरठ्यावर उभा होता. खेळ टेनिसचा, गाव पुणे. त्या संघातही दोन भाऊ होते. त्यांनी पुण्यातली लढत जिंकली, अंतिम फेरी गाठली आणि तो अंतिम सामना कधी झालाच नाही. त्या संघाची आठवण आज किती घरांत निघते?

तीन दिवस, पाच सामने

टेनिस हा तसा एकट्याचा खेळ. विम्बल्डन जिंकणारा स्वतःसाठी जिंकतो. याला अपवाद डेव्हिस चषकाचा. हार्वर्ड विद्यापीठात शिकणाऱ्या ड्वाइट डेव्हिस या तरुणाने चांदीचा एक मोठा चषक दिला आणि १९०० साली बोस्टनला अमेरिका व ब्रिटन यांच्यात पहिली लढत झाली. पुढे ही पुरुषांची सर्वांत मोठी सांघिक टेनिस स्पर्धा ठरली. तिची जुनी रीत सोपी होती. शुक्रवारी एकेरीचे दोन सामने, शनिवारी दुहेरीचा एक, रविवारी पुन्हा एकेरीचे दोन. पाचांपैकी तीन जिंकेल तो देश विजयी. आठवड्याअखेरच्या या तीन दिवसांत खेळाडूच्या नावापुढे गुण लागत नसत, ते देशाच्या नावापुढे लागत.

१९७४ सालच्या भारतीय संघाची भिस्त मद्रासच्या विजय आणि आनंद या अमृतराज बंधूंवर होती. त्यांच्या जोडीला जसजित सिंग आणि शशी मेनन होते. अमृतराज भावंडांना घडवले ते त्यांच्या आईने, मॅगी अमृतराज यांनी. वडील रेल्वेत नोकरीला. आईने पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचा कारखाना चालवला आणि तीन मुलांच्या खेळाचा खर्च भागवला. लहानपणी विजय फुप्फुसांच्या आजाराने सतत अंथरुणाला खिळलेला असे. शाळा बुडू नये म्हणून ही माउली स्वतः त्याच्या वर्गात जाऊन बसे आणि धडे उतरवून आणी. त्याच मुलाने १९७३ मध्ये विम्बल्डन आणि अमेरिकन या दोन्ही स्पर्धांची उपान्त्यपूर्व फेरी गाठली. १९७४ च्या अमेरिकन स्पर्धेत तर त्याने ब्योर्न बोर्गला हरवले. तेव्हा तो अवघ्या वीस वर्षांचा होता.

कलकत्ता ते पुणे

त्या वर्षीची भारताची वाटचाल सोपी नव्हती. मे महिन्यात कलकत्त्याला पूर्व विभागाच्या अंतिम लढतीत गाठ पडली ती ऑस्ट्रेलियाशी. तेव्हा डेव्हिस चषकात टायब्रेकर नव्हता. दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत सेट चालूच राहायचा. मे महिन्याचा कलकत्त्याचा उकाडा आणि संपता न संपणारे सेट! दुहेरीचा सामना अमृतराज बंधूंनी १७-१५, ६-८, ६-३, १६-१८, ६-४ असा जिंकला. या एका सामन्यात ९९ गेम झाले. संपूर्ण लढतीत एकूण ३२७ गेम खेळले गेले आणि तो डेव्हिस चषकाच्या इतिहासातला विक्रम ठरला. भारताने ती लढत ३-२ अशी जिंकली.

त्यानंतर सप्टेंबरमध्ये सोविएत संघ पुण्याला आला. प्रतिस्पर्धी दुबळा नव्हता. त्यांच्या मेत्रेवेलीने आदल्याच वर्षी विम्बल्डनची अंतिम फेरी गाठली होती. पण हिरवळीवरच्या खेळात भारताचे खेळाडू सरस ठरले. निकाल लागला भारत ३, सोविएत संघ १. आठ वर्षांनी भारत पुन्हा डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि त्या फेरीचे दार उघडले ते पुण्यात.

१९६६ साली रामनाथन कृष्णन आणि जयदीप मुखर्जी यांनी ही फेरी गाठली होती, तेव्हा समोर मेलबर्नमध्ये बलाढ्य ऑस्ट्रेलिया होता. भारताने दुहेरी जिंकली, बाकीचे चार सामने गमावले. १९७४ ची गोष्ट निराळी होती. ऑस्ट्रेलिया कलकत्त्यातच गारद झालेला, अमेरिकाही स्पर्धेबाहेर गेलेली. इतकी चांगली संधी भारताला आधी कधी आली नव्हती.

समोर कोण होते?

अंतिम फेरीत दुसऱ्या बाजूने आला दक्षिण आफ्रिका. या देशाशी भारताचे नाते जुने आणि कडू होते. १८९३ साली पीटरमारित्झबर्ग स्थानकावर तरुण गांधीजींना वर्णावरून गाडीबाहेर काढले गेले, ते याच भूमीवर. स्वातंत्र्याच्या आधीच, १९४६ साली भारताने त्या देशाशी व्यापारी संबंध तोडले होते. १९४८ पासून तेथे वर्णभेद हे सरकारी धोरणच बनले. कोणी कुठे राहायचे, कोणत्या शाळेत शिकायचे, कोणत्या बाकावर बसायचे हे कातडीचा रंग ठरवू लागला. खेळही त्यातून सुटला नाही. अमेरिकेचा कृष्णवर्णीय विजेता आर्थर अ‍ॅश याला त्या देशाने व्हिसा नाकारला होता. त्यामुळे १९७० मध्ये दक्षिण आफ्रिकेला डेव्हिस चषकातून वगळण्यात आले, पण पुढे त्याला पुन्हा प्रवेश मिळाला.

आता प्रश्न भारतापुढे होता. खेळायचे की नाही?

इंदिरा गांधींच्या सरकारचे धोरण स्पष्ट होते. वर्णभेद पाळणाऱ्या देशाशी कोणतेही संबंध नकोत. भारताने अंतिम सामन्यातून माघार घेतली. एकही चेंडू न टाकता दक्षिण आफ्रिकेला चषक मिळाला. तोवर हा मान अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्स या चारच देशांकडे फिरत होता. पाचवे नाव लागले ते अशा रीतीने. दक्षिण आफ्रिकेचे ते आजवरचे एकमेव विजेतेपद आहे. आणि आशिया खंडातील एकाही देशाला आजवर तो चषक मिळालेला नाही.

किंमत कोणी मोजली?

अशा निर्णयांविषयी बोलताना एक गोष्ट सहज विसरली जाते. तत्त्व देशाचे असते, पण त्याची किंमत मोजावी लागते ती चारदोन माणसांना. सरकारला त्या निर्णयासाठी काही सोडावे लागले नाही. सोडले ते त्या मुलांनी. कलकत्त्याच्या उन्हात ९९ गेम खेळणारे ते होते. खेळाडूचे ऐन उमेदीचे दिवस दहाबारा वर्षांचे. त्यांत अशी संधी पुन्हा येईलच असे कोणी सांगू शकत नाही. सामना झाला असता तर भारत जिंकलाच असता असेही नाही. हेविट आणि मॅकमिलन ही दक्षिण आफ्रिकेची दुहेरीची जोडी जगातल्या उत्तम जोड्यांत गणली जाई. पण हरण्याचा हक्कही त्या चौघांना मिळाला नाही.

विजय अमृतराज यांनी ती हळहळ कधी लपवली नाही. मात्र त्याबरोबरच तो निर्णय योग्य होता असेही त्यांनी पुढे वेळोवेळी सांगितले. हळहळ आणि मान्यता या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या मनात नांदू शकतात. घरातल्या मोठ्या माणसांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. एखाद्या लग्नाला, एखाद्या नोकरीला आपण तत्त्वासाठी नकार देतो, तेव्हा नंतरची कित्येक वर्षे मनात काय चालते ते प्रत्येकाला ठाऊक असते.

खेळात राजकारण आणू नये, असा एक युक्तिवाद तेव्हाही होता आणि आजही आहे. त्यात तथ्य आहे. पण दक्षिण आफ्रिकेत राजकारण मैदानावर आधीच येऊन बसले होते. तेथे गोऱ्या आणि काळ्या मुलांना एकत्र खेळताच येत नव्हते. एका माघारीने वर्णभेद संपला नाही, हेही खरे. त्यासाठी त्या देशातल्या माणसांना आणखी वीस वर्षे झगडावे लागले. पण असे अनेक नकार साचत गेले आणि तो देश खेळाच्या जगात एकटा पडत गेला. १९९० मध्ये नेल्सन मंडेला तुरुंगातून सुटले. नोव्हेंबर १९९१ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट संघ पुन्हा आंतरराष्ट्रीय मैदानावर उतरला, तो कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर. ज्या देशाने पाठ फिरवली होती, त्यानेच स्वागत केले.

पुन्हा पुणे

अमृतराज बंधूंना आणखी एक संधी मिळाली, पण तेरा वर्षांनी. १९८७ मध्ये सिडनीत ऑस्ट्रेलियाला ३-२ असे हरवून भारत अंतिम फेरीत गेला. या वेळी संघात रामनाथन कृष्णन यांचा मुलगा रमेश होता. गोथेनबर्गला मातीच्या कोर्टवर स्वीडनने ५-० अशी सरशी केली. विजय तेव्हा चौतिशीला पोहोचला होता.

आणि मग फेब्रुवारी २०१७. पुण्यात बालेवाडीला भारताची न्यूझीलंडशी लढत झाली. शुक्रवारी युकी भांब्री आणि रामकुमार रामनाथन यांनी एकेरीचे दोन्ही सामने जिंकले. शनिवारी लिअँडर पेस आणि विष्णू वर्धन दुहेरीत हरले. रविवारी रामकुमार आणि युकी यांनी पुन्हा बाजी मारली. निकाल भारत ४, न्यूझीलंड १. बाकावर बसलेला भारताचा न खेळणारा कर्णधार होता आनंद अमृतराज. ज्या गावात १९७४ मध्ये संघाने अंतिम फेरी गाठली, त्याच गावात त्रेचाळीस वर्षांनी त्याने कर्णधार म्हणून अखेरची लढत जिंकली.

आता स्पर्धेचे रूप बदलले आहे. २०१९ पासून अंतिम टप्पा एकाच शहरात होतो आणि सामने तीन सेटचे झाले आहेत. पण जुना प्रश्न संपलेला नाही. २०१९ मध्ये पाकिस्तानशी ठरलेली लढत भारताने कझाकस्तानात खेळली. फेब्रुवारी २०२४ मध्ये मात्र भारतीय टेनिस संघ साठ वर्षांनी पाकिस्तानात गेला आणि इस्लामाबादेत ४-० असा जिंकून आला. कधी न जाणे योग्य, कधी जाणे योग्य, याचे उत्तर दर वेळी नव्याने शोधावे लागते.

विजेत्यांच्या यादीत १९७४ पुढे दक्षिण आफ्रिकेचे नाव आहे आणि ते तसेच राहणार. झाशीच्या टेकडीवर मुलांना नेऊन ध्यानचंदांची गोष्ट अवश्य सांगावी. पण पुण्यातून जाताना त्यांना ही दुसरी गोष्टही सांगायला हरकत नाही. दाखवायला तेथे पुतळा नाही, म्हणून ती सांगावीच लागेल.