काचनळींतील रोप व घरचें बीं

संकरित बियाण्याचें नांव काढतांच आमच्या कित्येक वाचकबंधूंच्या कपाळास आंठ्या पडतात, व तें साहजिक आहे. तें बीं पुन्हां पेरल्यास पुढील पिढींत गुण विखुरतात. म्हणून दरसाल दुकानाची पायरी चढावी लागते. परंतु संकर म्हणजे परावलंबन, हें आम्हांस मान्य नाहीं.

१९६४ सालीं दिल्ली विद्यापीठांत सिप्रा गुहा व सतीशचंद्र महेश्वरी यांनीं धोतऱ्याच्या परागकोशांपासून निम्म्या गुणसूत्रांचीं रोपें काचनळींत वाढविलीं. अशा रोपाचीं गुणसूत्रें दुप्पट केलीं कीं शुद्ध वाण एकाच पिढींत हातीं येतो. एरव्हीं सहा-सात पिढ्या खपावें लागतें.

पश्चिम आफ्रिकेंत १९९० नंतर माँटी जोन्स व त्यांचे सहकारी यांनीं आफ्रिकी व आशियाई भातांचा संकर केला. दाण्यांत मरूं घातलेले कोंवळे गर्भ त्यांनीं पोषक द्रव्यांवर जगविले, वांझ निघणाऱ्या संततीचा आशियाई भाताशीं पुन्हां संकर केला व परागकोशसंवर्धनानें वाण स्थिर केले. त्या 'नेरिका' भाताचें बीं शेतकरी घरीं राखूं शकतो.

तेव्हां प्रश्न काचनळीचा नसून मालकीचा आहे. २००१ च्या कायद्यानें घरचें बीं राखण्याचा हक्क आम्हांस दिला आहे. पण जें राखून उपयोग नाहीं, त्याच्या राखणीचा हक्क काय कामाचा? कृषि विद्यापीठांनीं ही विद्या स्थिर वाणांकडे वळवावी, व शेतकरी संघांनीं तशी मागणी आग्रहानें करावी, अशी आमची सूचना आहे.