पीपीटी आयसीयूत!

रविवार, रात्रीचे पावणेदोन. लॅपटॉपवर एक छोटीशी चौकट उगवली. म्हणे, ही फाइल वाचता येत नाही. झालं! आठवडाभराची मेहनत, ३१ स्लाइड्स, सगळं खल्लास.

प्रेझेंटेशन क्लायंटचं असतं, तर चार शब्द ऐकून घेऊन मोकळी झाले असते. पण हे आईचं होतं. आई गेली २२ वर्षं डबे करते. हिंजवडीतल्या एका कंपनीनं सोमवारी अकराला आम्हाला बोलावलं होतं, रोजच्या डब्यांच्या ऑर्डरसाठी. आणि स्लाइड्सची जबाबदारी अर्थातच घरातल्या मास कॉमवालीची!

चूक शंभर टक्के माझी. फाइल थेट पेन ड्राइव्हवर ठेवलेली, आणि ती सेव्ह होत असताना, दिवा लुकलुकत असतानाच मी तो उपटला. दुसरी कॉपी? छे!

तर मंडळी, तुमच्यावर ही वेळ आली तर पहिली गोष्ट : बिघडलेल्या फाइलची आधी कॉपी काढा. सगळे प्रयोग कॉपीवर, मूळ फाइलला हात नाही. मग पॉवरपॉइंटमध्ये फाइल निवडून, 'ओपन' बटणाशेजारच्या बाणावर क्लिक करून 'ओपन अँड रिपेअर' करून बघा. माझी नाही उघडली. लिब्रेऑफिस आणि गुगल स्लाइड्स कधीकधी पॉवरपॉइंटनं नाकारलेली फाइलही उघडतात. माझ्या नशिबात तेही नव्हतं.

अडीच वाजता आयटीवाल्या मित्राला उठवलं. तो जांभई देत म्हणाला, "अगं, पीपीटीएक्स म्हणजे वेश बदललेली झिप फाइल. नाव बदलून बघ."

खरंच की! ऑफिस २००७पासून आलेल्या या फाइलच्या पोटात फोल्डर्स असतात. 'मीडिया'मध्ये फोटो, 'स्लाइड्स'मध्ये मजकूर. (जुन्या पीपीटी फाइलवर ही युक्ती चालत नाही हं.) झिपची अनुक्रमणिका मात्र फाइलच्या शेवटी असते. शेपूट तुटलं की विंडोज हात वर करतं. सेव्हन-झिप नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर जरा चिवट असतं. त्यानं निम्मंशिम्मं का होईना, उघडून दिलं.

सगळ्या स्लाइड्सचा मजकूर मिळाला, कोडच्या जंगलात लपलेला. आईचं स्वयंपाकघर, तिच्या हाताखालच्या दोघी मावश्या, सगळे फोटो मिळाले. फक्त शेवटचे सहा गेले. नेमके भरलेल्या डब्यांचे!

हो, आणि एक : 'फाइल दुरुस्त करून देतो' म्हणणाऱ्या कुठल्याही साइटवर ऑफिसची गोपनीय फाइल चढवू नका. ती कुणाच्या हातात जाईल, काय सांगावं?

पाच वाजता आई उठली, तेव्हा मी कॉपी-पेस्ट करत रडकुंडीला आले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढंच ना? अगं, फोटो कशाला हवेत? सहा डबे भरूनच नेऊ."

नेले. शेवटच्या स्लाइडनंतर मी प्रोजेक्टर बंद केला आणि आईनं झाकणं उघडली. पुढचे प्रश्न कुणी विचारलेच नाहीत. सुरुवातीला ३० डब्यांची ऑर्डर मिळाली.

आता फाइल लॅपटॉपवर, क्लाउडवर आणि आईच्या मेलवर, अशी तीन ठिकाणी असते. तुमची किती ठिकाणी आहे? हे पान उलटण्याआधी बघून घ्या!