घर फोडले जाते, कुलूप उघडले जात नाही

१/
गणपतीच्या दोन दिवस आधी मुंबईचा चाकरमानी तळ्याला उतरतो. वर तळगडाचा माथा ढगात बुडालेला, समोर घराचे दार बंद, आणि किल्ली डोंबिवलीच्या भावाकडे राहिलेली. थोडी खटपट होते, शेजाऱ्याकडून हॅक्सॉ येतो आणि आजोबांच्या काळचे पितळी कुलूप दोन तुकडे होऊन भंगाराच्या पोत्यात पडते. या कृत्याला कोणी नावे ठेवीत नाही. मात्र त्याच गावातील एखाद्या तरुणाने त्याच हॅक्सॉचे मोडके पाते कानशीने घासून त्याचा बारीक आकडा केला, आणि त्याने ते कुलूप ओरखडाही न उमटवता उघडले, तर पहिला प्रश्न येतो: “हे कुठे शिकलास?” त्या प्रश्नातला स्वर कौतुकाचा नसतो.

२/
घरच्या घरी अशी हत्यारे घडवून स्वतःच्या मालकीची कुलपे विनाकिल्ली उघडणे हा जगभर मान्य छंद आहे. जर्मनीत १९९७ पासून त्याची रीतसर संघटना आहे. महाराष्ट्रात मात्र हा छंद असणाऱ्याकडे अर्धा चोर म्हणून पाहिले जाते. ‘ज्याला कुलूप उघडता येते तो ते उघडणारच’ हा त्यामागचा युक्तिवाद. तो इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. इतिहासप्रेमी म्हणवणाऱ्यांनी तरी तो डोळे मिटून उच्चारू नये.

३/
आधी भाषेची साक्ष. मराठीत या गुन्ह्याचे नाव ‘घरफोडी’ आहे. कोणत्याही दिवशीचे वृत्तपत्र उघडावे. चोरट्यांनी ‘बंद घराचा कडीकोयंडा उचकटून’ प्रवेश केलेला असतो. हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की बातमीदार तो झोपेतही लिहील. म्हणजे कोयंडा उखडला, कुलूप बहुधा त्यालाच लटकलेले, शाबूत. चोराला घाई असते. एकेक पिन जोखत बसण्याइतकी सवड आणि चिकाटी ज्याच्यापाशी असते, तो सहसा आपल्याच खोलीत, आपल्याच टेबलापाशी, आपल्याच पैशांनी घेतलेल्या कुलपाशी झटत असतो.

४/
येथे प्रतिपक्ष ‘मृच्छकटिका’तला शर्विलक पुढे करील, आणि त्याने तो जरूर करावा. शूद्रकाचा हा चोर शास्त्र शिकलेला आहे. आपल्या जानव्याचा एक उपयोग तो यंत्राने घट्ट बंद केलेले कवाड उघडण्यासाठीही सांगतो. परंतु चारुदत्ताच्या घरात तो शिरतो कसा? भिंतीला भगदाड पाडून. जानवे हाती लागते ते भगदाडाचे माप घ्यायला. तेव्हाही घर फोडलेच गेले.

५/
आता किल्ल्यांकडे. (किल्ला आणि किल्ली सख्ख्या बहिणी वाटतात, पण पहिला शब्द अरबीतून आला आणि दुसरीचे मूळ संस्कृत ‘कील’ म्हणजे खुंटीत आहे. ‘कुलूप’ पुन्हा अरबी, ‘कुफ्ल’वरून.) ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाणा घेतला गेला तो कडा चढून. १६७३ साली कोंडाजी फर्जंदाने साठ माणसांनिशी पन्हाळा घेतला, तोही चढूनच. दरवाजा आतून उघडला जातो, फितुरीने उघडला जातो, तोफेने फुटतो. शिवकालातील एकही प्रसिद्ध गड कुलपाच्या भोकात तार घालून पडलेला नाही.

६/
शिवकालीन व्यवस्थेला हे पक्के ठाऊक होते. गडाच्या किल्ल्या हवालदाराच्या ताब्यात. संध्याकाळी दरवाजे बंद करणे आणि सकाळी उघडणे हे त्याचेच काम, किल्ल्या दुसऱ्याच्या हाती द्यायच्या नाहीत. परंतु हवालदार एकटा मुखत्यार नव्हता. सभासद बखर सांगते त्याप्रमाणे हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे तिघे एका प्रतीचे, आणि गडाचा कारभार तिघांनी मिळून चालवायचा. एक फितला तरी दुसऱ्याचा डोळा त्याच्यावर होता. कुलपाची रचना गुप्त राहिली म्हणून गड सुरक्षित, असा भाबडा हिशेब त्या व्यवस्थेत कोठेच दिसत नाही. भरवसा माणसांच्या मांडणीवर होता आणि लोखंड त्या मांडणीचा एक भाग होते.

७/
तळगड १८१८ साली कर्नल प्रॉथरच्या इंग्रज फौजेकडे गेला. योगायोग असा की त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जेरेमाया चब याने आपल्या ‘डिटेक्टर’ कुलपाचे पेटंट घेतले. चुकीच्या किल्लीने वा हत्याराने छेडछाड झाली की ते कुलूप अडकून बसे आणि मालकाला वर्दी देई. पुढे पोर्ट्समथच्या बंदीनौकेवरील एका कैद्याला, जो मूळचा कुलपे घडवणारा कारागीर होता, ते उघडण्याचे आव्हान दिले गेले: उघडलेस तर सरकारची माफी आणि चबकडून शंभर पौंड. काही महिने खटपट करून त्याने हात टेकले. कारखानदाराने आपले कुलूप उघडू पाहणाऱ्याला स्वतः बोलावले होते, हे येथे ध्यानात घ्यावे.

८/
१८५१ मध्ये लंडनच्या महाप्रदर्शनासाठी आल्फ्रेड हॉब्ज हा अमेरिकन आला. चबचे अजिंक्य कुलूप त्याने साक्षीदारांसमोर सुमारे पंचवीस मिनिटांत उघडले. मग वळला ब्रामाच्या कुलपाकडे. ते पिकॅडिलीतील दुकानाच्या काचेमागे अनेक दशके दोनशे गिनींचे आव्हान मिरवीत होते. हॉब्जने कुलपाची मापे घेतली, त्याच्यासाठी स्वतंत्र हत्यारे तयार केली आणि सोळा दिवसांत विभागलेल्या एकावन्न तासांच्या कामानंतर ते उघडले. तयार हत्यार बाजारात मिळणे शक्यच नव्हते. आजचा छंदिष्ट खोलीत बसून जे करतो, ते हेच.

९/
इंग्रजी वृत्तपत्रांत गहजब झाला. चोरांना विद्या शिकवल्याचा आरोप झाला. हॉब्जचे उत्तर १८५३ च्या कुलूपविषयक ग्रंथात आले. त्याचा आशय असा की चोर आपल्या धंद्यात तरबेज असतात, त्यांना नवे शिकवण्यासारखे फारसे नसते. अंधारात राहतो तो प्रामाणिक गिऱ्हाईक. पुढे काही वर्षांत, हॉब्ज ज्या कंपनीचा प्रतिनिधी होता तिचेच नामांकित कुलूप धाकट्या लायनस येलने उघडून दाखवले. त्याच येलने नंतर जे पिनांचे कुलूप सिद्ध केले, त्याचे वंशज आज जगभरच्या दारांना आहेत. एकाने उघडले म्हणून दुसऱ्याने सुधारले, हा साधा क्रम आहे. मुंबईत लालबागला १८९७ साली अर्देशर गोदरेज यांनी कुलपांचा कारखाना काढला तो शहरातील घरफोड्यांच्या बातम्या वाचून. कुलूप कोठे हार खाते हे जाणून घेतल्याखेरीज चांगले कुलूप घडवता येत नाही.

१०/
मग ही संशयाची नजर आली कोठून? तिचा एक मोठा झरा वसाहतकालीन कायद्यात सापडतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणूस काय करतो हे न पाहता तो कोण आहे यावरून त्याला गुन्हेगार ठरवले. भटक्या समूहांतील कित्येक कारागिरांच्या हातचे कसब संशयास्पद झाले. १९५२ मध्ये तो कायदा गेला, नजर मागे राहिली. चौकात किल्ल्यांची जुडी लावून बसणाऱ्या कारागिराला घरी बोलावताना मालक आजही त्याच्या हातांवरून दृष्टी हलवीत नाही. गॅस दुरुस्त करणाऱ्याच्या वाट्याला ही वागणूक येत नाही.

११/
कायद्याची आजची बाजू मात्र नीट जाणून घ्यावी, कारण तिथे चूक महागात पडते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१, कलम १२२ नुसार सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत घरफोडीचे साधन जवळ सापडले, तर ते बाळगण्यास रास्त कारण होते हे दाखवण्याची जबाबदारी बाळगणाऱ्यावरच येते. रात्री खिशात आकडे घेऊन मित्रांत मिरवणारा शहाणा नव्हे. छंदिष्टांचे दोन दंडक जगभर सारखे आहेत: स्वतःचे नसलेले कुलूप मालकाच्या संमतीशिवाय हाताळायचे नाही, आणि दाराला वापरात असलेल्या कुलपावर सराव करायचा नाही. हे न पाळणाऱ्याची वकिली येथे अभिप्रेत नाही.

१२/
आणि काम तरी काय असते? हॅक्सॉचे पाते वा मोटारीच्या वायपरमधली पोलादी पट्टी. ती घासताना क्षणाक्षणाला पाण्यात बुडवावी लागते. निळी पडली की पोलादाचा ताव उतरला, मग ती वाकते. (सिनेमातली केसांची पिन पहिल्याच झटक्याला वाकेल.) एका पट्टीने कुलपाच्या गाभ्याला किंचित पीळ द्यायचा, दुसरीने पिना चाचपायच्या. कोणतेही दोन पिनांचे छिद्र तंतोतंत एका रेषेत नसते, म्हणून पिळाखाली एका वेळी एकच पिन अडते. ती उचलली की बारीक ‘टक्’ जाणवतो आणि पुढची अडते. घडवणाऱ्याच्या हातून राहिलेला केसभर फरक बोटांना कळतो. जुन्या कुलपाविषयी याहून जवळची माहिती संग्रहालयाच्या काचेतून मिळत नाही.

१३/
कोकणातल्या बंद घरांत, पेट्यांवर, फडताळांवर किल्ली हरवलेली कुलपे आजही आहेत. त्यांतले कोणते गावच्या लोहाराने घडवले आणि कोणते अलीगढहून आले, हे ती उघडल्यावाचून सांगता येत नाही. कापल्यावर तर मुळीच नाही. गडाच्या दरवाज्यापाशी छायाचित्र काढून ‘जतन करा’ असे लिहिणारे घरच्या पेटीचे कुलूप मात्र ग्राइंडरखाली धरतात. ज्याच्या हातात ते न मोडता उघडण्याचे कसब आहे, त्याला दारातून परत पाठवले जाते.

१४/
यंदा तळ्याला उतरणाऱ्याने शेजाऱ्याकडे हॅक्सॉ मागण्याआधी निदान एवढे विचारावे, की गावात कोणाला हे उघडता येते का. पाते तेच लागेल, फक्त घासलेले.