मांजर घराचे की माणसाचे? सुटीच्या दिवसांतील एक दुर्लक्षित प्रश्न

मे महिना लागला की जबलपूरच्या मराठी घरांत प्रवासाची तयारी सुरू होते. कोणी नागपूर-अमरावतीकडे आजोळी निघते, कोणी नोकरीनिमित्त पुण्यात असलेल्या मुलांकडे. घरात मांजर असेल तर शेजारी किल्ली दिली जाते, दुधाची वाटी भरली जाते आणि एक ठरलेले वाक्य उच्चारले जाते : कुत्रा माणसाचा, मांजर घराचे. घर जागेवर आहे, मग मांजराला काय कमी?

ही समजूत पूर्ण खोटी नाही, म्हणूनच ती अधिक फसवी आहे. मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकी रानमांजर. तो एकट्याने शिकार करणारा आणि स्वतःचा प्रदेश राखणारा प्राणी. ओळखीच्या जागेचा, तिथल्या गंधाचा आधार मांजराला खरोखरच लागतो. मात्र त्या जागेत माणूसही मोडतो की नाही, याचे उत्तर म्हणीतून मिळत नाही.

विज्ञानानेही ते एका झटक्यात दिलेले नाही. लहान मूल आईशी कसे बांधलेले असते हे तपासण्यासाठी मेरी एन्सवर्थ यांनी एक पद्धत घडवली होती : अनोळखी खोली, आईचे जाणे आणि तिचे परत येणे. 2015 मध्ये इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी तिचेच एक रूप 20 मांजरांवर वापरले. मालक गेल्यावर मांजरे अधिक ओरडली, तरीही त्यांना मालकाचा ‘सुरक्षित आधार’ वाटतो असे म्हणण्याइतका पुरावा संशोधकांना दिसला नाही. 2019 मध्ये अमेरिकेतील ओरेगन राज्य विद्यापीठाचा अभ्यास ‘करंट बायोलॉजी’त आला आणि चित्र बदलले. दोन मिनिटे मालकासोबत, दोन मिनिटे एकटे, पुन्हा दोन मिनिटे सोबत, अशी ती चाचणी होती. वर्गीकरण करता आलेल्या 70 पिल्लांपैकी 64.3 टक्के आणि 38 प्रौढ मांजरांपैकी 65.8 टक्के मांजरे मालक परतताच निवळली आणि पुन्हा खोली धुंडाळू लागली. मानवी बालकांतील प्रमाणही याच्या जवळपासचे आहे.

दोन मिनिटांच्या एकटेपणावरून पंधरा दिवसांच्या सुटीचा निष्कर्ष काढणे मात्र धाडसाचे ठरेल. त्या दृष्टीने 2017 चा एक छोटा स्वीडिश अभ्यास अधिक बोलका आहे. त्यात 14 मांजरे त्यांच्या स्वतःच्याच घरी होती. मालक कधी अर्धा तास बाहेर गेला, कधी चार तास. दोन्ही वेळी एकटेपणातील वागणूक बहुतांशी सारखीच राहिली. फरक दिसला तो परतल्यावर. चार तासांनंतर मांजरे अधिक गुरगुरली, अधिक अंग ताणू लागली. एकटे असताना शांत पडलेले मांजर बेफिकीर आहे असे समजणे इथेच चुकते. क्योटोतील संशोधकांनी 2021 मध्ये दाखवले की नजरेआड असलेला मालक कुठे असावा, याचा अंदाज मांजर त्याच्या आवाजावरून मनात बाळगते. ‘दृष्टीआड सृष्टी’ ही म्हण मांजराला लागू पडत नाही, एवढे तरी म्हणता येईल.

विरहाचे ओझे वाढले की ते वेगळ्याच वाटेने बाहेर पडते. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी आढाव्यात विरहजन्य चिंतेची लक्षणे असलेल्या 136 मांजरांच्या नोंदी होत्या. त्यांतील जी मांजरे भलत्या जागी लघवी करत, त्यांपैकी 75 टक्के मांजरांनी त्यासाठी केवळ मालकाचे अंथरूण निवडले होते. परतलेला मालक याला खोडी समजतो आणि मांजराला मार बसतो. वास्तविक ज्याचा गंध सर्वांत गडद, ती जागा मांजराने निवडलेली असते.

शेजाऱ्याकडे किल्ली देताना म्हणूनच वाटीपेक्षा डोळ्यांची अपेक्षा अधिक करावी. जबलपूरच्या मे महिन्यात दूध काही तासांत नासते, आणि बहुतेक प्रौढ मांजरांना ते नीट पचतही नाही. त्यापेक्षा दोन-तीन ठिकाणी ठेवलेले ताजे पाणी महत्त्वाचे. मांजराने, विशेषतः लठ्ठ मांजराने, काही दिवस अन्न सोडले तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते. बोका वारंवार लघवीला बसतो आहे पण थेंब पडत नाही, हे तर त्याच दिवशी दवाखाना गाठण्याचे लक्षण आहे. ताणाचा मूत्राशयाच्या दाहाशी संबंध आढळलेला आहे. मांजराला परक्या घरी हलवण्यापेक्षा ओळखीच्या माणसाने रोज ठरल्या वेळी येऊन थोडा वेळ बसणे बरे, आणि गेलेल्याचा न धुतलेला सदरा नेहमीच्या जागी राहू द्यावा.

एक अडचण उरते. वरचे सारे अभ्यास परदेशांतील आहेत. जबलपूरच्या जुन्या वस्तीतील मांजर दिवसा तीन घरे फिरते, एका घरी मासळीचे काटे खाते, दुसऱ्या घरी झोपते. एकत्र कुटुंबात त्याचा ‘आवडता माणूस’ नेमका कोण? खाऊ घालणारी आजी, की जिच्या वहीवर ते रोज बसते ती नात? एकटी नात सुटीला गेली आणि बाकीचे घर भरलेले राहिले, तर मांजराला काही जाणवते का? या प्रश्नासाठी प्रयोगशाळाही लागत नाही. याच शहरात 1948 मध्ये सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि 2009 पासून नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विद्यापीठही आहे. उन्हाळ्यात दवाखान्यात आलेल्या प्रत्येक मांजराच्या नोंदीत विद्यार्थ्यांनी दोनच ओळी वाढवाव्यात : या आठवड्यात घरातून कोण बाहेरगावी गेले आहे, आणि मांजर एरवी कोणाजवळ झोपते?